वाचकांचे प्रश्न : स्मार्ट शेतीने पर्यावरणाचे नेमके काय वाचते?

स्मार्ट शेतीविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांतून एक शंका वेगवेगळ्या प्रकारे व्यक्त झालेली दिसते. यंत्रे आणि संवेदक (सेन्सर) यांच्यामुळे शेतकऱ्याचे काम सोपे होते हे सर्वांना मान्य आहे. परंतु त्यामुळे पाणी, माती आणि हवा यांचे भले होते का, याविषयी वाचक साशंक आहेत. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. काही पत्रे लांब असल्याने त्यांतील मुद्दा तेवढा घेतला आहे.

प्रश्न : संवेदक, ड्रोन, उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रे वापरली की शेती आपोआप पर्यावरणपूरक होते, असे जाहिरातींतून आणि व्यासपीठांवरूनही सांगितले जाते. यात तथ्य किती? — कृषी पदविकेची विद्यार्थिनी

तथ्य बरेच आहे. ते आपोआप घडते, हे मात्र खरे नाही. शेतीचा पर्यावरणावर पडणारा ताण मुख्यतः पाण्याचा उपसा, पिकाने न उचललेली खते, नेमक्या जागी न पडणारी पीकसंरक्षक रसायने आणि जमिनीची होणारी हानी यांतून येतो. जगभरात नद्या, तलाव आणि भूजल यांतून माणूस जे गोडे पाणी उचलतो, त्यातील सुमारे ७० टक्के शेतीसाठी जाते. शेतात घातलेल्या नत्रापैकी (नायट्रोजनपैकी) निम्म्याच्या आसपास भागच पिकात उतरतो आणि उरलेला नायट्रेटच्या रूपाने पाण्यात किंवा वायूंच्या रूपाने हवेत जातो. या नासाडीचे एक मोठे कारण म्हणजे संपूर्ण शेताला एकच मात्रा, एकाच वेळी देण्याची रूढ पद्धत. एकाच शेतात वरच्या अंगाला मुरमाड आणि खालच्या अंगाला चिकण माती असते, निचरा वेगळा असतो, सेंद्रिय कर्ब वेगळा असतो. त्यामुळे सरासरी मात्रा एका भागाला अपुरी पडते आणि दुसऱ्या भागाला जास्त होते.

स्मार्ट तंत्रज्ञानाचे काम तीन टप्प्यांत चालते: मोजणे, मोजमापावरून निर्णय घेणे आणि त्या निर्णयाप्रमाणे पाणी, खत किंवा औषध देणे. पहिला आणि तिसरा टप्पा गेल्या काही दशकांत फार सुधारला आहे. मधला टप्पा अजून कच्चा आहे. जमिनीतील ओलाव्याचा आकडा दर पंधरा मिनिटांनी फोनवर येत असला, तरी त्या आकड्यावरून पाणी बंद करण्याचे धाडस होत नसेल, तर पर्यावरणाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. म्हणून पर्यावरणाचा लाभ मोजायचा तो बसविलेल्या उपकरणांवरून मोजू नये. पूर्वी जे वापरले जात होते आणि आता वापरावे लागले नाही, ते किती, हाच खरा हिशेब आहे. उपकरण घेण्यापूर्वीच्या हंगामांत हेक्टरी किती पाणी, किती नत्र आणि किती फवारण्या लागल्या याची नोंद नसेल, तर नंतरचा कोणताही दावा तपासता येत नाही.

मधल्या टप्प्याची अडचण जवळजवळ न येणारे एक तंत्र मात्र आहे, ते म्हणजे उपग्रहाच्या मार्गदर्शनाने चालणारा ट्रॅक्टर. अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीत नागरी वापरासाठी हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची घट २ मे २००० च्या मध्यरात्रीच्या सुमारास काढून टाकण्यात आली. त्यानंतर या क्षेत्राला वेग आला आणि आज जमिनीवरील स्थिर केंद्राकडून मिळणाऱ्या दुरुस्तीच्या साहाय्याने दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत अचूकता मिळते. लगतच्या पट्ट्यांवर दुसऱ्यांदा खत किंवा औषध पडणे त्यामुळे टळते. याहून महत्त्वाचे म्हणजे दरवर्षी चाके त्याच ठरलेल्या रेषांवरून नेता येतात आणि बाकीची जमीन दडपली जात नाही. दडपलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, ते माती घेऊन वाहून जाते. शिवाय तेथे हवा कमी पडल्याने नत्राचे वायूत रूपांतर वाढते. हा लाभ जाहिरातींत फारसा दिसत नाही, कारण तो छायाचित्रात दाखविता येत नाही.

प्रश्न : आम्ही ओलाव्याचे संवेदक आणि स्वयंचलित ठिबक संच बसविले. प्रत्येक पिकाला लागणारे पाणी निश्चितच कमी झाले. तरीही परिसरातील विहिरींची पातळी खालावतच आहे. असे का व्हावे? — एक बागायतदार

आपण ज्याला बचत म्हणता, ती शेताच्या बांधापर्यंतची बचत आहे. पाणलोटाच्या पातळीवर हिशेब वेगळा होतो. मोकळे पाणी देताना जे जास्तीचे पाणी मुळांच्या थराखाली झिरपत होते, त्यातील काही भाग भूजलाला परत मिळत होता किंवा खालच्या अंगाच्या ओढ्यात उतरत होता. तो आपल्या दृष्टीने तोटा होता, पण शेजारच्या विहिरीच्या दृष्टीने आवक होती. ठिबकने हे झिरपणे थांबविले आणि वाचलेल्या पाण्यावर आपण क्षेत्र वाढविले किंवा अधिक पाणी लागणारे पीक घेतले, तर पिकांच्या पानांतून वाफ होऊन कायमचे निघून जाणारे पाणी वाढते. उपसा तोच राहिला तरी परतफेड घटते, आणि पातळी खाली जाते.

ही शंका केवळ तर्काची नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात हाय प्लेन्स या विस्तीर्ण भूजल साठ्यावर शेती चालते. तेथे फिरत्या तुषार संचांना पिकाच्या जवळ पाणी सोडणारे, कमी नासाडी करणारे नोझल लावण्यासाठी सरकारी अनुदान देण्यात आले. या बदलाचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की नवे नोझल लावल्यानंतर भूजलाचा उपसा घटला नाही, उलट वाढला. कारण शेतकरी अधिक पाण्याच्या पिकांकडे वळले. इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच कोळशाविषयी असे दाखविले होते, की वाफेची इंजिने काटकसरी झाल्याने कोळशाचा एकूण खप वाढतो. पाण्याच्या बाबतीत आपण तोच अनुभव नव्याने घेत आहोत. सौर पंपांमुळे यात आणखी एक पदर जोडला जातो. डिझेल किंवा वीज वाचते, त्यामुळे हवेत जाणारा कार्बन घटतो, हे उघड आहे. परंतु पंप बसविल्यानंतर पुढचा प्रत्येक तास फुकट पडत असल्याने उपसा थांबविण्याचे आर्थिक कारणच उरत नाही.

याचा अर्थ संवेदक निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. त्याच कॅन्सस राज्यात शेरिडन-६ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागातील शेतकऱ्यांनी २०१३ पासून आपल्यावर एक मर्यादा घालून घेतली. पाच वर्षांत मिळून ५५ इंच, म्हणजे वर्षाला सरासरी ११ इंच (ओलिताच्या शेतावर पसरले तर होणाऱ्या थराच्या उंचीने मोजलेले) एवढेच पाणी उपसायचे, आणि ते पाच वर्षांत कसे वाटायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. उपशात २० टक्के कपात हे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात कपात त्याहून अधिक झाली. तेथे एकूण पाणी आधी ठरले आणि त्या मर्यादेत शेती बसविण्यासाठी ओलाव्याचे मोजमाप हाताशी घेतले गेले. संवेदक आधी आणि मर्यादा कधीतरी नंतर, या क्रमाने ते साधले असते असे मला वाटत नाही.

आपल्या शेतापुरते करण्यासारखे असे, की एक संवेदक मुळांच्या कार्यक्षम थरात आणि दुसरा त्या थराच्या खाली बसवावा. वरचा संवेदक पाणी केव्हा द्यायचे ते सांगतो. खालच्या संवेदकाचा आकडा पाणी दिल्यानंतर हलला, तर आपण गरजेपेक्षा जास्त दिले आणि पाण्याबरोबर विद्राव्य नत्रही खाली गेले, असे समजावे. विद्युत गुणधर्मांवरून ओलावा मोजणाऱ्या स्वस्त संवेदकांचे आकडे चिकण किंवा खारवट जमिनीत बरेच भरकटतात, तसेच संवेदक आणि माती यांच्यामध्ये पोकळी राहिली तर ते निव्वळ खोटे बोलतात. म्हणून वाफसा आल्यावर स्वतः माती हातात घेऊन पाहावी आणि त्या वेळचा आकडा लिहून ठेवावा. कारखान्यातून आलेल्या टक्केवारीपेक्षा आपल्या जमिनीतील वाफशाचा आकडा जास्त कामाचा असतो.

प्रश्न : उपग्रहाच्या नकाशात माझ्या शेताचा एक कोपरा सतत लाल दिसतो. ॲपचा सल्ला आहे, की तेथे नत्राची मात्रा वाढवावी. हा सल्ला मानावा का? — एक शेतकरी वाचक

लगेच मानू नये. आपण पाहता तो नकाशा बहुधा वनस्पती निर्देशांकाचा आहे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. या दोहोंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की निर्देशांक मिळतो. हिरवा पसारा भरघोस असेल तर तो एककाकडे जातो, उघडी जमीन असेल तर शून्याजवळ राहतो. येथे नेमके काय मोजले गेले हे लक्षात घ्यावे: हिरवेपणा किती, एवढेच. तो कमी का आहे, हे या आकड्यात नाही. नत्र कमी पडले, पाणी कमी पडले, पाणी साचले, मुळांना सूत्रकृमी लागली, बी उगवले नाही, जमीन चोपण आहे, यांपैकी कोणत्याही कारणाने नकाशा लालच दिसतो. उलट बाजूने, पिकाची पाने एकमेकांवर दाट चढली की निर्देशांक जवळजवळ स्थिरावतो आणि चांगले पीक व अतिरिक्त नत्राने माजलेले पीक यांतील फरक तो दाखवू शकत नाही.

आपल्या प्रश्नाचे पर्यावरणाशी असलेले नाते येथेच आहे. समजा, तो कोपरा खोलगट आहे आणि तेथे पाणी साचते. अशा जमिनीत प्राणवायू नसल्याने जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि त्या क्रियेत नायट्रस ऑक्साइड हा वायू बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट धरली जाते. म्हणजे ज्या कोपऱ्यात पीक नत्र उचलण्याच्या अवस्थेत नाही, नेमका तेथेच आपण नत्राचा ढीग घालणार, आणि तोही स्मार्ट सल्ल्याने. सरासरी मात्रा देणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा हे वाईट ठरेल.

हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय समितीच्या (आयपीसीसी) ढोबळ हिशेबात घातलेल्या नत्रापैकी १ टक्का नत्र थेट नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडते असे धरतात. त्याप्रमाणे हेक्टरी २० किलो नत्र वाचले, तर सुमारे ८६ किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताण केवळ शेतातून कमी होतो. खत कारखान्यातील इंधन वेगळे. प्रत्यक्षात हे प्रमाण सरळ रेषेत चालत नाही. पिकाची गरज भागेपर्यंत वायूचे उत्सर्जन हळूहळू वाढते आणि गरजेपलीकडच्या प्रत्येक किलोगणिक ते अधिक वेगाने वाढत जाते. म्हणून सगळ्या शेतात थोडी थोडी कपात करण्यापेक्षा, जेथे अतिरिक्त नत्र पडत आहे ते भाग शोधून तेथली मात्रा उतरविणे पर्यावरणाला अधिक लाभाचे ठरते. जागेनुसार मात्रा बदलण्याच्या तंत्राचा खरा उपयोग कमजोर भागाला खाऊ घालण्यात नसून तृप्त भागाला थांबविण्यात आहे, असे माझे मत आहे. खते विकणाऱ्याच्या ॲपमधून हा सल्ला सहसा येत नाही, आणि का येत नाही हे उघड आहे.

तर मग करावे काय? अमेरिकेतील ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी रूढ केलेली एक साधी युक्ती येथे उपयोगी पडते. हंगामाच्या आरंभी शेतातून आडवा असा एक अरुंद पट्टा आखावा आणि त्याला भरपूर नत्र द्यावे. हा पट्टा आपल्या लाल कोपऱ्यातूनही जाऊ द्यावा. पीक वाढीच्या मधल्या अवस्थेत आले, की पट्टा आणि त्याच्या शेजारचे पीक यांची तुलना करावी. पट्टा स्पष्टपणे अधिक हिरवा दिसत असेल, तर शेजारच्या पिकाला नत्राची भूक आहे. दोन्ही सारखेच हिरवे असतील, तर जमीन स्वतःच पुरेसे नत्र पुरवीत आहे आणि वरखत टाळता येईल किंवा कमी करता येईल. लाल कोपऱ्यात पट्टाही लालच राहिला, तर दुखणे नत्राचे नाही. तेथे फावडे घेऊन जावे आणि मुळे व निचरा पाहावा.

युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह विनामूल्य चित्रे देतात आणि हिरवेपणासाठी लागणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यांत त्यांच्या चित्रातील एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा असतो. एक हेक्टर शेतात असे १०० ठिपके बसतात, परंतु कडेच्या ठिपक्यांत बांध, झाडे, रस्ता यांची मिसळ होते. आपला कोपरा बांधालगत किंवा झाडाच्या सावलीत असेल, तर लाल रंग पिकाचा नसून बांधाचाही असू शकतो.

प्रश्न : भाताच्या खाचरांतून मिथेन निघतो असे वाचले. तो कमी करण्यासाठी पाण्याची पातळी मोजणारे संवेदक घ्यावेत का? — एक वाचक

खाचरात सतत पाणी उभे राहिले की जमिनीतील हवा संपते आणि प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांपासून मिथेन हा तापमानवाढ करणारा वायू तयार करतात. अधूनमधून खाचर सुकू दिले की त्यांचे काम खंडित होते. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसारित केलेल्या पद्धतीत छिद्रे पाडलेली एक नळी खाचरात रोवतात. नळीतील पाणी जमिनीच्या पृष्ठभागाखाली १५ सेंटीमीटरपर्यंत उतरले की पुन्हा पाणी द्यायचे. फुलोऱ्याच्या सुमारास मात्र पाणी उभे ठेवायचे, कारण त्या वेळचा ताण दाणे भरण्यावर येतो. एवढ्याने मिथेन साधारणपणे निम्म्यावर येतो आणि पाणी ३० टक्क्यांपर्यंत वाचू शकते. जमीन आळीपाळीने ओली आणि कोरडी होत असल्यामुळे नायट्रस ऑक्साइड थोडा वाढतो, म्हणून नत्र एकदम न देता हप्त्यांनी द्यावे; बहुतेक ठिकाणी मिथेनची घट या वाढीपेक्षा बरीच मोठी असते.

आता संवेदकाविषयी. नळीत काठी घालून मोजण्याचे काम संवेदक करतो, इतकेच. खाचरे थोडी आणि जवळ असतील तर काठी पुरते. खाचरे विखुरलेली असतील, पंप दूर असेल किंवा मिथेन घटविल्याचा पुरावा देऊन कार्बन श्रेय (घटविलेल्या उत्सर्जनाचे विकता येणारे प्रमाणपत्र) मिळवायचे असेल, तर तारीखवार नोंद ठेवणारा संवेदक घेण्यात अर्थ आहे. कालव्याचे पाणी ठरलेल्या पाळीनेच मिळत असेल, तर मात्र शेतातील संवेदक हतबल ठरतो. पुढची पाळी केव्हा येईल याची खात्री नसताना कोणताही शेतकरी खाचर सुकू देणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. अशा ठिकाणी स्वयंचलन कालव्याच्या दारांवर हवे.

प्रश्न : ड्रोनने फवारणी केल्यास औषध कमी लागते म्हणून ती पर्यावरणपूरक, हे बरोबर आहे का? कॅमेऱ्याने तण ओळखून फवारणारी यंत्रे आणि रोगांचा अंदाज सांगणारी केंद्रे यांविषयीही सांगावे. — फळबाग आणि भाजीपाला उत्पादक गट

ड्रोनच्या बाबतीत पाणी आणि औषध यांत गल्लत होते. ड्रोन हेक्टरी साधारण दहा-वीस लिटर द्रावण वापरतो, पाठीवरच्या पंपाला याच्या कितीतरी पट पाणी लागते. पाणी वाचते हे खरे. परंतु औषधाची शिफारस हेक्टरी असल्यामुळे तेच औषध कमी पाण्यात, म्हणजे अधिक तीव्र द्रावणाच्या रूपात जाते. एवढ्या थोड्या द्रावणाने पीक झाकायचे तर थेंब बारीक लागतात, आणि साधारण १५० मायक्रॉनहून बारीक थेंब वाऱ्याबरोबर सहज भरकटतात. ते मधमाश्यांच्या फुलोऱ्यावर, ओढ्यावर किंवा शेजारच्या पिकावर पडू शकतात. वारा अजिबात नसलेली पहाट यासाठी निर्धोक वाटते, पण तसे नसते. जमिनीलगत थंड आणि वर उबदार हवा असली की बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात आणि नंतर भलतीकडे जातात. ड्रोनचा निःसंशय लाभ फवारणाऱ्या माणसाला आहे, कारण औषधाशी त्याचा संपर्क घटतो, आणि चिखलात किंवा उंच पिकात शिरावे लागत नाही. हा लाभ मोठा आहे, पण तो पर्यावरणाच्या खात्यावर लिहू नये.

कॅमेऱ्याने तण ओळखून तेवढ्याच जागी नोझल उघडणाऱ्या यंत्रांत रसायन खरोखर कमी होते. पेरणीपूर्वी मोकळ्या जमिनीवर हिरवे दिसेल त्यावर फवारणे सोपे असते, आणि असे तंत्र १९९० च्या दशकापासून वापरात आहे. हिरव्या पिकातून हिरवे तण वेगळे ओळखणे प्रतिमा ओळखणाऱ्या अलीकडच्या संगणक तंत्रामुळे शक्य झाले. बचत किती हे तणांच्या दाटीवर ठरते. तण विरळ असतील तर बचत मोठी, शेत तणांनी भरलेले असेल तर नगण्य. कॅमेऱ्यातून निसटलेली बारीक तणे बी धरतात आणि पुढील हंगामात हिशेब चुकता करतात, म्हणून फवारणीनंतरची फेरी टाळू नये.

माझ्या दृष्टीने या तिघांत सर्वांत आश्वासक आहे ती पूर्वसूचना, कारण तिच्यामुळे फवारणीच टळते. बटाट्यावरील उशिरा येणाऱ्या करप्याचे उदाहरण घ्यावे. ब्रिटनमध्ये १९५६ पासून एक निकष प्रचलित होता: सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा अधिक आणि प्रत्येक दिवशी किमान ११ तास सापेक्ष आर्द्रता ९० टक्के किंवा अधिक असेल, तर धोका. रोगकारकाचे प्रकार बदलले, निकष काही वेळा वेळेवर सावध करीनासा झाला, आणि पुढे झालेल्या अभ्यासानंतर २०१७ मध्ये ११ तासांची अट ६ तासांवर आणण्यात आली. यातून दोन गोष्टी कळतात. एक, उपयुक्त अंदाजासाठी अतिशय गुंतागुंतीची गणिते लागतातच असे नाही, पिकाच्या उंचीवर ठेवलेला तापमान आणि आर्द्रतेचा विश्वासार्ह संवेदक लागतो. दुसरी, एका प्रदेशात आणि एका काळात तपासलेला निकष दुसरीकडे जसाच्या तसा लावू नये. केंद्र विकणाऱ्याला तो कोणत्या पिकावर, कोठे आणि केव्हा पडताळला, हे अवश्य विचारावे. किडींसाठी कामगंध सापळ्यांत (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांत) कॅमेरे बसविता येतात, पण सापळ्यात सापडलेली संख्या आणि आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणी परवडू लागते ती किडींची संख्या, यांचा मेळ बसविल्याशिवाय ती चित्रे केवळ भीती वाढवितात, आणि भीतीने फवारण्या वाढतात.

प्रश्न : बंदिस्त इमारतीत, कृत्रिम प्रकाशात केलेली बहुमजली शेती हा पर्यावरणाला सर्वांत कमी त्रास देणारा मार्ग आहे का? — एक वाचक

पाणी आणि कीटकनाशके यांपुरते पाहिले तर होय: पाणी फिरवून पुन्हा वापरले जाते आणि किडी आत येत नाहीत. मात्र जे काम सूर्य विनामूल्य करतो, ते येथे विजेने करावे लागते. वीज कोळशापासून येत असेल तर हिशेब उलटा पडतो. पालेभाज्यांना थोड्या प्रकाशात, थोड्या दिवसांत विकण्याजोगे वजन येते म्हणून त्या तेथे परवडतात. तृणधान्ये आणि कडधान्ये तेथे नेण्याचा विचार आज व्यवहार्य नाही.

प्रश्न : मी रासायनिक खते आणि औषधे वापरत नाही. स्मार्ट तंत्रज्ञान रसायने कमी करण्यासाठी असेल, तर माझ्यासारख्याला त्याचा काय उपयोग? — एक सेंद्रिय उत्पादक

आपल्याला त्याचा उपयोग कदाचित अधिकच आहे. तणनाशक न वापरणाऱ्या शेतात तणांसाठी कोळपणी वारंवार करावी लागते. तीत मजुरी, इंधन आणि मातीची उलथापालथ तिन्ही आली. पिकाची ओळ कॅमेऱ्याने ओळखून त्याप्रमाणे पाती सरकविणारी कोळपी ओळीच्या अगदी जवळून आणि अधिक वेगाने चालविता येतात. सेंद्रिय खताचे नत्र जमिनीचे तापमान आणि ओलावा यांप्रमाणे हळूहळू मोकळे होते, त्यामुळे ते पिकाच्या गरजेच्या वेळेशी जुळविणे हे आपल्यापुढचे अवघड काम आहे. जमिनीच्या तापमानाची आणि ओलाव्याची नोंद त्यात मदत करते. शेणखत सेंद्रिय आहे म्हणून त्यातील नायट्रेट भूजलात उतरत नाही, असे नाही. युरोपीय संघाने १९९१ च्या नायट्रेट निर्देशाद्वारे प्रदूषणप्रवण क्षेत्रांत पशुखतातून येणाऱ्या नत्रावरही वर्षाला हेक्टरी १७० किलोची मर्यादा घातली, ती याच कारणाने.

आणखी एका शक्यतेचा उल्लेख करावासा वाटतो. मोठ्या यंत्रांना मोठी, एकाच पिकाची शेते सोयीची पडतात, आणि गेल्या शतकात बांधावरची झाडे व मिश्र पिके नाहीशी होण्यात या सोयीचा वाटा मोठा आहे. लहान, हलकी, स्वतः चालणारी यंत्रे विश्वासार्ह झाली, तर अरुंद पट्ट्यांत शेजारी शेजारी वेगळी पिके घेणे पुन्हा परवडू शकेल. नेदरलँड्समधील वाखेनिंगन विद्यापीठात पट्टा पद्धतीवर प्रयोग सुरू आहेत. रसायने थोडी कमी करण्यापेक्षा शेताची रचनाच बदलण्याची ही शक्यता मला अधिक मोलाची वाटते, जरी आज ती सर्वसाधारण शेतकऱ्याच्या आवाक्यात आलेली नसली.

प्रश्न : ही उपकरणे मोठ्या शेतकऱ्यांसाठीच आहेत असे वाटते. शिवाय ती बिघडली, किंवा कंपनीने सेवा बंद केली, तर? — अल्पभूधारक वाचक

जगात सुमारे ६१ कोटी शेते आहेत आणि त्यांतील ८४ टक्के २ हेक्टरहून लहान आहेत. पण शेतजमिनीच्या केवळ १२ टक्के क्षेत्र त्यांच्याकडे आहे. यंत्रे मोठ्या क्षेत्राकडे का धावतात, ते या दोन आकड्यांतून कळते. लहान शेताला स्वतःचे हवामान केंद्र घेण्याची गरज नाही. एक केंद्र सारखी जमीन आणि सारखे पीक असलेल्या अनेक शेतांना पुरते. नत्रासाठी पर्णरंग तक्ता हे पानाचा रंग ताडून पाहण्यासाठीचे, हिरव्या छटांच्या पट्ट्यांचे साधे साधन आहे, त्याला वीजही लागत नाही आणि नेटवर्कही लागत नाही.

अवलंबित्वाची आपली भीती रास्त आहे. मे २०२४ मध्ये आलेल्या तीव्र सौर वादळाने उपग्रहांच्या संदेशांत अडथळे आले आणि अमेरिकेत ऐन पेरणीत अनेक ट्रॅक्टरांचे अचूक मार्गदर्शन बिघडले. तो निसर्गाचा भाग झाला. दुरुस्तीची अडवणूक मात्र माणसाने केलेली असते. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा करून शेती यंत्रांचे सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि दुरुस्तीसाठी लागणारी संगणक साधने शेतकऱ्याला मिळण्याचा हक्क दिला, आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. असा कायदा नसेल तेथे खरेदीच्या करारातच काही गोष्टी लेखी घ्याव्यात: सेवा बंद झाली तरी उपकरण हाताने चालविता येईल का, आपल्या शेताची जुनी नोंद साध्या तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येईल का, ती नोंद खते किंवा बियाणे विकणाऱ्यांना दिली जाणार का, आणि संपलेल्या बॅटऱ्या व निकामी संवेदक परत कोण नेणार. शेवटची अट अनेकांना किरकोळ वाटते, परंतु नांगराखाली फुटलेल्या संवेदकाची बॅटरी जमिनीतच राहते आणि ती शोधून काढण्याचे काम कोणत्याही हप्त्यात धरलेले नसते.